जॉब कार्डावरची साक्ष

वाचकहो, कर्ज काढून नवी मालवाहू गाडी घेतलेला आपल्याच ओळखीचा एखादा केळीवाहक डोळ्यांसमोर आणा. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळ्याला त्याच्या खेपा असतात. पहिल्याच वर्षी गिअर अडकू लागतो. वॉरंटी असल्याने तो निर्धास्तपणे सर्व्हिस सेंटरला जातो. तीन दिवसांनी गाडी परत मिळते, तेव्हा जॉब कार्डावर लिहिलेले असते : ‘तपासणीत दोष आढळला नाही.’ आठवड्याने पुन्हा तेच. डीलर कंपनीकडे बोट दाखवतो, कंपनी डीलरकडे. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला कापला जातो.

कायदा त्याच्या पाठीशी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी जिल्हा आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, बदली वस्तू किंवा पैसे परत देण्याचा आदेश देऊ शकतो.

परंतु कायद्याची जबाबदारी आणि अल्लाहपुढची जबाबदारी यांच्या सीमा सारख्या नसतात. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ मध्ये नवी म्हणून घेतलेली मोटार २००९ साली बनलेली निघाली. खालच्या मंचांवर निकाल त्याच्या बाजूने लागला. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र उत्पादक कंपनीला मुक्त केले. डीलर हा स्वतःच्या जोखमीवर गाड्या घेऊन विकणारा स्वतंत्र व्यापारी होता आणि त्याचे कृत्य कंपनीला ठाऊक असल्याचे सिद्ध झाले नाही, असे त्यामागचे कारण होते. डीलर सुटला नाही. मूळ निर्मितीतच दोष असता तर प्रश्न वेगळा ठरला असता. कायदा म्हणून हा निकाल समजण्यासारखा आहे.

आता कूफ्याचे कापडव्यापारी इमाम अबू हनीफा (रह.) यांची हकिकत आठवा. सदोष कापड पाठवताना त्यांनी भागीदाराला बजावले होते की, ग्राहकाला दोष दाखवूनच विका. भागीदार विसरला आणि ग्राहक कोण होता, हेही त्याला सांगता येईना. इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका केली. चूक दुसऱ्याची होती, शिवाय सूचना आधीच दिलेली होती. तरीही त्यांनी स्वतःला मोकळे मानले नाही.

मालक आणि कंपन्या यावर विचार करोत. हे मासिक वाचणाऱ्यांत मोटारमालकांपेक्षा मिस्त्री, फिटर आणि त्यांचे वडीलच अधिक असावेत, म्हणून त्यांच्याशी बोलतो. जॉब कार्ड हा केवळ कागद नव्हे, ती साक्ष आहे. पुढे आयोगापुढे हीच कार्डे बोलतात. सूरह अन्-निसाच्या १३५ व्या आयतीत न्यायाने साक्ष देण्याची आज्ञा आहे, मग ती स्वतःच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. शब्द फिरवणे आणि साक्ष टाळणे, या दोन्हींबद्दल तेथे ताकीद आहे. ‘दोष आढळला नाही’ हे शब्द फिरवणे झाले. तक्रार मुळात न नोंदवणे ही टाळाटाळ झाली. साहेबांनी सांगितले म्हणून लिहिले, हे उत्तर नोकरी वाचवते हे मी जाणतो. घरी चार तोंडे असलेल्या तरुणाला हे सांगणे मला सोपे वाटत नाही.

ग्राहकानेही स्वतःकडे पाहावे. दुप्पट माल भरून क्लच जाळायचा आणि वॉरंटीत नवा मागताना भाराचा उल्लेख गाळायचा, हेही दोष लपवणेच आहे, फक्त बाजू उलटी.

मग मिस्त्रीने करावे काय? निदान जे दिसले ते लिहावे. ‘दोष आहे, भाग उपलब्ध नाही’ किंवा ‘दोष आहे, कंपनीची मंजुरी प्रलंबित’ एवढे लिहिल्याने कोणाची बदनामी होत नाही. आणि ग्राहकाने कार्डावर सही करण्यापूर्वी आपली तक्रार आपल्याच शब्दांत, किलोमीटरच्या आकड्यासह लिहिली आहे ना, हे वाचून पाहावे व प्रत मागून घ्यावी.