जुने सोबती आणि विसरलेलें ऋण

वाचावयाचा भाग : उत्पत्ति ४०, वचनें १४ व २३, अध्याय ४१, वचन ९.



मे महिन्याची सुटी लागली म्हणजे अलीकडे गांवोगांवीं एक प्रकार पाहावयास मिळतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं ज्यांनीं एका शाळेंत धडे गिरविले व जे आतां स्वतः आईबाप झाले आहेत, ते पुनः एके ठिकाणीं जमतात. फोनमुळें एकमेकांचा ठावठिकाणा लागणें सोपें झालें आहे. कोणी पुण्याहून येतो, कोणी मुंबईहून, कोणी शेतांतून उठून तसाच येतो. जुने गुरुजी हयात असतील तर त्यांस शाल देतात, एका पंगतीस जेवतात, कोण कोठें आहे तें विचारतात व जुन्या खोड्या आठवून हसतात. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. सोबत ही देवाची देणगी आहे, आणि आठवण हीही त्याचीच देणगी आहे. परंतु पवित्र शास्त्रांत एका सोबत्याच्या आठवणीची अशी गोष्ट आहे कीं, ती वाचल्यावर आपल्या आठवणी आपण तपासून पाहाव्या असें वाटतें.

योसेफ व फारोचा प्यालेबरदार हे तुरुंगांतले सोबती होते. परंतु एका छपराखालीं निजणें, सारखेंच अन्न खाणें, सकाळीं एकमेकांचें तोंड पाहून दुःख ओळखणें, ह्या गोष्टी तुरुंगांत घडतात तशा शाळेच्या बोर्डिंगांतही घडतात. योसेफानें प्यालेबरदारास स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि एवढीच विनंती केली कीं, तुझें बरें होईल तेव्हां माझी आठवण ठेव व फारोपाशीं माझी गोष्ट काढ. तिसऱ्या दिवशीं प्यालेबरदार आपल्या जागेवर परत गेला आणि योसेफास विसरला. पुरीं दोन वर्षें गेलीं. मग राजास स्वप्न पडलें, मिसर देशाचे ज्ञानी थकले, तेव्हां कोठें ह्या मनुष्यास तोंड फुटलें. आणि लक्षांत घ्या, 'मला एका हुशार सोबत्याची आठवण झाली,' असा आरंभ त्यानें केला नाहीं. आज आपणास आपले अपराध आठवतात, ह्या अर्थाचे शब्द त्यानें प्रथम उच्चारले. त्याचा एक अपराध राजाविरुद्ध झाला होता; दुसरा त्या कोठडींतल्या मित्राविरुद्ध झाला होता, असें मला वाटतें.

हा धडा मला पुस्तकांतून समजला नाहीं. मजवर जें गुदरलें तें सांगतों; कोणी त्यावरून सावध झाला तर माझ्या लाजेचें कांहीं सार्थक होईल.

कुर्डुवाडी व लातूर यांच्यामध्यें, बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवर, एका लहान गांवीं मी शिकलों. ती अरुंद रुळांची गाडी आतां राहिली नाहीं. तेथें मोठी लाइन आली आहे. आमच्या बोर्डिंगाची घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा होता. त्यावर लोखंडी कांब मारली म्हणजे आम्ही उठत असूं, प्रार्थनेस बसत असूं व जोंधळ्याची भाकरी खावयास धांवत असूं.

मी आठवींत होतों तेव्हां, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, किल्लारीचा भूकंप झाला. गणपतीचें विसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. दगडमातीच्या जाड भिंती व वरचीं जड माळवदें निजलेल्यांवर कोसळलीं. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या जिल्ह्यांत सुमारें १०,००० माणसें मेलीं. आमच्या खाटाही त्या पहाटे हलल्या होत्या. पुढें आम्हां मुलांस वाटलें कीं, आपणही कांहीं करावें. आठवड्यांतून एक वेळ उपाशी राहून त्या जेवणाचे पैसे, व गांवांत घरोघर फिरून मिळालेलीं नाणीं, डालड्याच्या एका रिकाम्या डब्यांत सांठविलीं. मी हिशेबांत हुशार समजला जात असें, म्हणून डबा मजकडे सोंपविला होता.

दिवाळीच्या सुटीपूर्वीं मीं त्या डब्यांतून वीस रुपये काढले. मला नवी कंपासपेटी पाहिजे होती. घरून आल्यावर परत ठेवीन, असें मीं मनाशीं ठरविलें होतें. परंतु सुटी लागण्याच्या आदल्या दिवशींच मास्तरांनीं पैसे मोजले व वीस रुपये कमी भरले. त्या दिवशीं ती खोली झाडण्याची पाळी माझ्या शेजारच्या खाटेवरच्या मुलाची होती. तो एका विधवेचा मुलगा. त्याच्या अंगांत दुसऱ्यानें दिलेला सदरा असे. कोणी त्याचें नांवही घेतलें नाहीं. सर्वांनीं फक्त त्याच्याकडे पाहिलें. तो एवढेंच म्हणाला, "मीं घेतले नाहींत." मी त्याच्यापासून दोन हातांवर उभा होतों. मी बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं त्याची आई आली. तिनें पदराची गांठ सोडून वीस रुपये मेजावर ठेवले, मुलाचें गांठोडें डोक्यावर घेतलें व त्यास घेऊन गेली. तो पुनः शाळेंत आला नाहीं.

सुटीनंतर मीं वीस रुपये मिळविले व एका रविवारीं गुपचूप दानाच्या थाळींत टाकले. आपलें कर्ज फिटलें असें मला वाटलें. बंधूंनो, ही फसवणूक फार सूक्ष्म आहे. मनुष्याचें देणें देवाच्या थाळींत टाकून आपण मोकळे होतों, असें आपण समजतों. परंतु आपल्या प्रभूनें मत्तयाच्या पांचव्या अध्यायांत ह्याच्या उलट शिकविलें आहे. वेदीपाशीं गेल्यावर भावाची आठवण झाली, तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याजकडे जावें. मी वेदीकडे गेलों, भावाकडे गेलों नाहीं. पुढें धर्मशिक्षण घेतलें, दीक्षित झालों, आठव्या आज्ञेवर उपदेशही केले.

सन २०२३ च्या मे महिन्यांत आम्ही दहावीचे सोबती त्याच लिंबाखालीं जमलों. एकजण एस. टी. चा वाहक झाला आहे, एक भगिनी मुंबईच्या रुग्णालयांत परिचारिका आहे, दोघे शेती करतात. चौघे हयात नाहींत. त्यांपैकीं दोघे २०२१ सालीं करोनाच्या दुसऱ्या लाटेंत गेले. त्यांच्या आठवणीनें आम्ही रडलों. मग जेवतांना कोणीतरी हसत म्हणाला, "अरे, तो आपला डबाचोर कोठें आहे रे?" सर्व हसले. शेवटची प्रार्थना मीं करावयाची होती. मी उभा राहिलों, पण प्रार्थनेचे शब्द येईनात. तेव्हां मीं सांगितलें कीं, चोर येथें उभा आहे.

कोणी कांहीं बोललें नाहीं. मग एका सोबत्यानें त्याच्या गांवाचें नांव सांगितलें, आणि त्याची आई वारल्याचेंही सांगितलें. तो दरवर्षीं ऊस तोडावयास पश्चिमेकडे जातो, आतां पावसाळ्यापर्यंत घरींच असेल, असेंही तो म्हणाला.

ह्यापुढें मी लागलाच त्याच्या घरीं गेलों असेन, असें तुम्हांस वाटेल. तसें झालें नाहीं. आधीं मंडळींत लग्नें होतीं, मग पावसाळा आला, मग वार्षिक सभा आली. प्यालेबरदारानें दोन वर्षें घालविलीं. मीं तीस वर्षें घालवून आणखी सात महिने घेतले. डिसेंबरांत गेलों तेव्हां तो मुकादमाची उचल घेऊन बायकोसह कृष्णाकांठीं ऊसतोडीस गेला होता. विचारीत विचारीत त्याच्या कोपीपर्यंत पोंचलों. तो मोळ्या भरून नुकताच आला होता. मला ओळखून म्हणाला, "पाळक झालास म्हणे." मीं उभ्याउभ्याच सर्व सांगितलें. तो पुष्कळ वेळ हातांतल्या कोयत्याची धार पाहत राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक होतें. डबा तुझ्याकडे होता. पण आईनें मला शेवटपर्यंत विचारलें नाहीं, आणि तिला माझें खरें वाटलें कीं नाहीं, हें मला कधीं कळलें नाहीं. हें तूं तिला सांगावयास पाहिजे होतें."

ह्यावर मी काय बोलणार? त्याच्या बायकोनें चहा दिला, पुढें भाकरी ठेवली. मी निघालों तेव्हां तो कोपीच्या बाहेर आला व म्हणाला, "माझा मुलगा आठवींत आहे. आम्ही इकडे असतों तेव्हां तो तिकडे वसतिगृहांत राहतो. तेथें कधीं कांहीं हरवलें, तर पहिल्यांदा त्याच्याकडे पाहूं नये, एवढें कोणाला तरी सांग." त्यानें मला क्षमा केली कीं नाहीं, हें तो बोलला नाहीं, मींही विचारलें नाहीं. परंतु त्यानें मजवर जें काम सोंपविलें तें मी करीत आहें. त्या वसतिगृहांत मी स्वतः जाऊन आलों, आणि हा लेखही त्याच कामाचा एक भाग आहे.

ह्यावरून तीन गोष्टी आपण मनांत धराव्या.

पहिली ही कीं, जुने सोबती जमतील तेव्हां, कोण आला नाहीं, हा प्रश्न आपण अवश्य विचारावा. दावीद राजा झाल्यावर त्यानें असाच प्रश्न केला. २ शमुवेलाच्या नवव्या अध्यायांत तो आहे. योनाथानाकरितां दया करावी असा त्या घराण्यांत कोणी उरला आहे काय, असें त्यानें विचारलें. कोणी त्यास भाग पाडलें नव्हतें. लो-दबार येथें राहणारा, दोन्ही पायांनीं अधू असलेला मफीबोशेथ सांपडला, तेव्हां दावीदानें त्याच्या आजाची जमीन त्यास परत दिली व आपल्या मेजावर कायमची जागा दिली. प्यालेबरदाराची आठवण गरजेपोटीं आली; दावीदाची आठवण प्रेमापोटीं आली.

दुसरी ही कीं, उशीर करूं नये. प्यालेबरदाराच्या विलंबांतूनही देवानें योसेफाचें व पुष्कळांचें कल्याण केलें, हें खरें. तो देवाचा महिमा आहे. ती प्यालेबरदाराची सबब नव्हे. जीं दोन वर्षें त्यास राजवाड्यांत क्षणासारखीं गेलीं, तीं योसेफानें कोठडींत एक एक दिवस मोजून काढलीं. मी ज्या आईस सांगावयाचें होतें ती आतां ऐकत नाहीं. ज्याचें देणें आहे तो हयात आहे तोंवरच तें देतां येतें. जक्कयानें चौपट परत करीन असें म्हटलें, तें प्रभु त्याच्या घरीं आला त्याच दिवशीं म्हटलें.

तिसरी गोष्ट विशेषेंकरून आमच्या उपदेशक बंधूंकरितां, शिक्षकांकरितां व वसतिगृहें चालविणाऱ्यांकरितां आहे. कांहीं हरवलें म्हणजे ज्याचा सदरा फाटका त्याच्याकडे डोळे वळतात. ते डोळे आवरा. नुसत्या एका नजरेनें एका लेंकराची शाळा सुटली, हें मीं पाहिलें आहे. आणि जो मुलगा हुशार व विश्वासू समजला जातो, त्यासही खरें बोलतां येईल अशी वाट मोकळी ठेवा. मी मास्तरांच्या छडीला भ्यालों नव्हतों; माझें चांगलें नांव जाईल ह्याला भ्यालों.

शेवटीं प्रभूकडे पाहूं. वधस्तंभावर त्याच्या शेजारीं एक खराच अपराधी होता. त्यानेंही योसेफासारखी एवढीच विनंती केली कीं, आपल्या राज्यांत येशील तेव्हां माझी आठवण कर. प्यालेबरदारानें दोन वर्षें लावलीं, मीं तीस वर्षें लावलीं. प्रभूनें आजचाच वायदा केला. अशा प्रभूचे आपण लोक आहों. ह्या सुटींत तुमचे सोबती जमतील, तेव्हां हसा, जेवा, देवाचे उपकार माना. आणि ज्याचें नांव घेतांना तुमची जीभ अडखळते, त्याच्या गांवाची वाट त्याच आठवड्यांत धरा.

प्रभु आपणां सर्वांस तेवढें धैर्य देवो. आमेन.