नाव कोणाचे?

संगणकावरील गोळीबाराच्या खेळांविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. मुले तासन्‌तास त्यात गुंतलेली दिसली, की आम्हीही इतर वडीलधाऱ्यांसारखी कटकट करतो. पण अशाच एका खेळाची हकीकत कानी आली आणि तिने आम्हांस विचारात पाडले.

'क्वेक' हा गोळीबाराचा खेळ बनविणाऱ्या कंपनीने १९९९ साली त्याचा सोर्स कोड, म्हणजे खेळ ज्या लिखावटीवर चालतो ती, जगाला खुली केली. कोणीही घ्यावी, बदलावी, वाटावी. मात्र बदलून वाटाल तर तीही तशीच खुली ठेवा, एवढी अट. या पायावर २००५ साली 'नेक्सुइझ' हा फुकट खेळ उभा राहिला. देशोदेशींच्या हौशी मंडळींनी त्यासाठी आपली रात्रीची झोप खर्ची घातली. मजुरी कोणी मागितली नाही.

२०१० साली संस्थापकांनी 'नेक्सुइझ' हे नाव एका कंपनीला विकाऊ खेळासाठी वापरू दिले. अनेक हौशींना हा व्यवहार रुचला नाही. त्यांनी त्याच वर्षी सारी लिखावट उचलली आणि 'झोनॉटिक' या नव्या नावाने काम पुढे चालविले. कंपनीचा खेळ २०१२ साली बाजारात आला.

वाचकहो, चूक कोणाची? खुला होता तो कोड, नाव नव्हे. मग आपले नाव द्यायला संस्थापक मोकळे नव्हते काय? होते. पण पहिल्या दिवशी त्या नावाला कवडीची किंमत नव्हती, ती आली पुढे, पुष्कळांच्या हातांनी. जागा एकाची असली तरी विहीर साऱ्या गावाने खणली असेल, तर पाणी विकण्यापूर्वी गावाला विचारावे, असे आम्हांस वाटते. फुकट दिले त्याचा हिशेब मागू नये, हे खरेच. परंतु विचारले जाण्याची अपेक्षा म्हणजे हिशेब नव्हे.

नावाचे मोल आम्हांला कोणी शिकवायला नको. आमचे पेणकर, रोहेकर, नवगावकर गाव सोडून निघाले, घरेदारे मागे राहिली, नाव तेवढे बरोबर आले. या मंडळींनी उलट केले. घर उचलून नेले आणि नाव मागे ठेवले. आम्हांला ते जमले असते की नाही, कोण जाणे!

'झोनॉटिक' आजही फुकट मिळतो. तो खेळणाऱ्या नव्या मुलांपैकी कित्येकांना जुने नाव ठाऊकही नसेल.