वेदना: शत्रू की पहारेकरी?

वेदना नाहीशी करणे म्हणजे माणसाला बरे करणे काय? मधुमेह्याच्या पायाकडे पाहिले असता या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली म्हणजे पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. मग कोणाचे पाय रात्री निखाऱ्यावर ठेवल्यासारखे भाजतात. पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. कोणाचे पाय बधिर होतात; चपलेतला खिळा रुतला तरी कळत नाही. पुष्कळदा एकाच पायात ही दोन्ही लक्षणे असतात. चोर नसता ओरडणारा आणि चोर आला असता झोपणारा, असा हा बिघडलेला पहारेकरी!

त्याचे ओरडणे थांबविण्याचा एक इलाज आज उपलब्ध आहे. पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर बारीक तारा बसवून, कातडीखालच्या लहान यंत्रातून त्यांना विजेचे सौम्य स्पंद देतात. औषधांना दाद न देणाऱ्या अशा वेदनेसाठी अमेरिकेत २०२१ साली या उपचारास मान्यता मिळाली. पण वेदना शमली म्हणून बधिर पायाला पूर्वीची जाणीव परत येईलच, असा भरवसा धरता येत नाही.

मग यंत्राने ओरडणे थांबवता येते, तसे पहारेकऱ्याला जागेही करता येईल काय? डॉ. पॉल ब्रँड (१९१४–२००३) यांनी तसा प्रयत्न केला होता. तामिळनाडूतील कोल्ली टेकड्यांत मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेले हे शस्त्रवैद्य १९४६ पासून वेल्लोर येथे होते. कुष्ठरोग्यांची बोटे झिजतात ती मुख्यतः बधिरपणामुळे नकळत होणाऱ्या इजांनी, हे त्यांनी दाखविले. १९६६ साली ते अमेरिकेत कारव्हिल येथे गेले. तेथे त्यांनी बधिर हातापायांसाठी कृत्रिम वेदना तयार करून पाहिली. दाब फार पडला की यंत्र आवाज करी. रोगी तो ऐकून न ऐकल्यासारखे करीत. म्हणून विजेचा झटका योजला. तेव्हा रोगी यंत्र बंद करून काम उरकीत आणि मग ते पुन्हा चालू करीत! अखेर तो प्रयोग सोडावा लागला.

इशारा मिळणे निराळे आणि तो मानणे निराळे. विवेकबुद्धीच्या बाबतीत आपण सर्वच हे अनुभवतो.

ब्रँड वेदनेला देणगी म्हणत. परंतु तेवढे ऐकवून तळमळणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठविणे हा निष्ठुरपणा होय. निरर्थक वेदना अवश्य शमवावी. मात्र पहाऱ्याचे काम तेथून पुढे आपल्याकडे येते. रोज तळवे व बोटांच्या बेचक्या पाहाव्या, चपलेत हात फिरवून मगच ती घालावी, अनवाणी चालू नये. फोड किंवा जखम दिसल्यास, ती दुखत नसली तरी, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

आणि ज्या वृद्धाला वाकता येत नाही, ज्याची दृष्टी मंदावली आहे, त्याचे पाय कोणी पाहावे? घरच्यांनी, नाहीतर शेजाऱ्यांनी. ज्याला आपले दुखणे कळत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी जागे राहिले पाहिजे.