जिनिव्हातल्या चार जागा

धुळे, नवापूर, व्यारा, बारडोली करत येणारा रस्ता कडोदऱ्याच्या चौफुलीवर मुंबई-अहमदाबाद महामार्गाला मिळतो. याच वाटेने खानदेशातली कितीतरी कुटुंबं सुरतेच्या कापडधंद्यात आली. पुरुष मागावर, प्रोसेस मिलमध्ये गेले. बायका घरातच साड्यांवर टिकल्या-खडे चिकटवतात, लेस लावतात, धागे कापतात. मजुरी नगावर. हजेरीपत्रक नाही, मालक कोण तेही अनेकदा ठाऊक नसतं. ओळख फक्त माल आणून देणाऱ्या ठेकेदाराची. खानेसुमारीवाल्याला घरचेच सांगतात, ‘ती घरीच असते’.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या जिनिव्हात भरणाऱ्या वार्षिक परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी बसतात : दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. ही रचना 1919ची, आणि तिच्या डोळ्यांसमोर कामगार होता तो कारखान्यातला. घरी काम करणारीच्या वतीने या चौघांपैकी बोलायचं कुणी?

या प्रश्नाला अहमदाबादेतून उत्तर मिळालं. इला भट्ट यांनी 1972 साली ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली तेव्हा, मालकच नाही तर कामगार संघटना कसली, म्हणून नोंदणीलाच अडवणूक झाली. ती अडचण ओलांडून ‘सेवा’ने पुढे जगभरच्या मोठ्या कामगार महासंघांशी नातं जोडलं आणि 1994 साली इतर देशांतल्या गटांसह ‘होमनेट’ ही घरी काम करणाऱ्यांची साखळी बांधली. वेगळी खुर्ची मागण्यापेक्षा कामगारांची जी खुर्ची आहे तिच्यामागे या संघटना उभ्या राहिल्या, संशोधकांकडून आकडे जमवले, सरकारांची मनं वळवली. जून 1996 मध्ये गृहाधारित कामाचा 177 क्रमांकाचा करार मंजूर झाला. मालकांचा गट मतदानापासून दूर राहिला, तरीही झाला. वेतन, संघटनेचा हक्क, सामाजिक सुरक्षा, मातृत्वसंरक्षण यांत घरच्या कामगाराला इतर मजुरांच्या बरोबरीची वागणूक द्यावी, असं तो सांगतो.

स्त्रियांसाठी राखीव जागा ठेवल्या की काम झालं, हे मला पटत नाही; त्या जागेवरची बाई कुणाला बांधील आहे, हेही पाहावं लागतं. उदाहरणार्थ, सुरतेत जन्मलेल्या हंसाबेन मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. त्यांच्यामागे 1927 साली पुण्यात, बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेली अखिल भारतीय महिला परिषद होती. त्या पिढीचं काम मोठं आहे. पण महिला परिषदेचं नेतृत्व शिकल्यासवरल्या, सुस्थित घरांतल्या स्त्रियांकडे होतं. मजूर बाईबद्दल त्या कळकळीने बोलत. आपल्या प्रतिनिधीला जाब विचारण्याची सोय मात्र त्या बाईला नव्हती. ‘सेवा’ने ती सोय केली, कारण तिथे विडी वळणारी बाई स्वतः वर्गणीदार सभासद होती. प्रतिनिधित्वाची खरी कसोटी मला इथे दिसते.

भारताने 177 क्रमांकाचा करार आजही स्वीकारलेला नाही. ज्या देशातून मागणी उठली, त्याच देशाची मान्यता नाही, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. सुरतेत बायकांची सखी मंडळं, म्हणजे बचत गट, आहेत, पण त्यांचा व्यवहार बचत-कर्जापाशी थांबतो. साडीमागे काय दर मिळतो ही चर्चा तिथे व्हायला हवी, आणि ती मराठी बायकांपुरती राहून चालणार नाही. ओडिया, हिंदी बोलणाऱ्या शेजारणीला वगळून ठरवलेला दर ठेकेदार दुसऱ्या दिवशी पाडेल. असे गट एकत्र आले तर जूनच्या अधिवेशनाआधी केंद्रीय कामगार संघटनांकडे दोन मागण्या घेऊन जाता येईल : 177 स्वीकारायला सरकारला भाग पाडा, आणि जिनिव्हाला जाणाऱ्या शिष्टमंडळात नगावर मजुरी करणाऱ्या एका बाईला न्या.