ताकदीच्या गोळ्या

आमच्याकडं कॅन्सरचं नाव घेत नाहीत. 'त्यो रोग' म्हणतात, नाहीतर 'मोठा आजार'. नाव घेतलं की तो घर विचारत येतो, अशी समजूत. २०१६ साली तो आमच्या घरी आला आणि शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणाऱ्या मीही त्याचं नाव घेतलं नाही.

आईच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. बार्शीला ऑपरेशन झालं. गाठीचा तपासणीचा कागद आल्यावर डॉक्टर म्हणाले, "गाठ काढलीय, पण शेजारच्या ग्रंथींत रोग पोचलाय. सहा महिने केमोथेरपी लागेल." मला वाटलं, आता सलाईन आणि दवाखान्याच्या खेपा. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. कॅपेसिटाबिन. सकाळी तीन, संध्याकाळी तीन, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, पाण्याबरोबर. चौदा दिवस घ्यायच्या, सात दिवस बंद. असे आठ फेरे. जुलाब लागले, तोंड आलं, हातापायाची कातडी सोलली, तर लगेच कळवायचं. गरोदर बाईनं गोळीला हातसुद्धा लावायचा नाही. "आईंना हे सगळं नीट समजावून सांगा," असंही ते म्हणाले. मी मान हलवली.

वडील गेल्यापासून घरात तात्यांचा, म्हणजे चुलत्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "नाव काढू नगंस. वैनी खचंल. हायेत ते दिवसबी जायाचं न्हाईत." मला ते पटलं, खरं म्हणजे सोयीचं वाटलं. घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "ऑपरेशननं अंगातली ताकद गेलीया. ह्या ताकदीच्या गोळ्या हायत."

सलाईन लावायचं असतं तर हे खोटं चाललं नसतं. शेजारच्या खाटांवरच्या केस गेलेल्या बाया बघून आईनं काय ते ओळखलं असतं. गोळी मात्र मुकी. सर्दीची असो नाहीतर कॅन्सरची, कागदातून काढून हातावर ठेवली की झालं. पण पोटात गेल्यावर यकृतात आणि गाठीच्या पेशींत या गोळीचं फ्लुरोयुरॅसिल होतं. १९५७ पासून माहीत असलेलं हे औषध आधी शिरेतूनच देत. ही गोळी १९९८ साली अमेरिकेत मंजूर झाली. भराभर वाढणाऱ्या पेशी ते मारतं. रोगाच्या मारतं, तशा तोंडातल्या आणि आतड्याच्या चांगल्या पेशीही मारतं. म्हणून तर ते मापात घ्यायचं, आणि म्हणून मधले सात दिवस मोकळे.

दुसऱ्या फेऱ्यात आईचे तळहात लाल झाले, कातडी सोलायला लागली. भाकरी थापता येईना. "हे कशानं रं?" तिनं विचारलं. "उष्णता हाय अंगात," मी म्हणालो आणि सब्जा भिजवून दिला. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतो, तो असा.

तिसऱ्या फेऱ्यात एका संध्याकाळी आशाताई आल्या. हातात कागदाची पुडी. उघडली तर आत चार गोळ्या, पिवळसर गुलाबी.

"गुरुजी, ह्या तुमच्या घरच्या का? शेजारची पोर बाळंतपणाला आलीय ना, सातवा महिना. तुमच्या आईनं दिल्या म्हणं, ताकदीच्या. आमच्या गोळ्या लाल असत्यात, म्हणून तिनं घ्यायच्या आधी मला दाखविल्या."

मी ओट्यावर बसलो तो बराच वेळ उठलोच नाही.

दोन दिवस आईनं संध्याकाळच्या तीनपैकी दोन-दोन गोळ्या बाजूला काढल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाली, "पोरीच्या अंगात रगात न्हाई. म्हातारीला कशाला येवढी ताकद?" चांगलं ते दुसऱ्याच्या ताटात, असंच तिचं सगळं आयुष्य गेलं. हे मला काय ठाऊक नव्हतं?

त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. रोगाचं नाव घेऊन सांगितलं. ती रडंल म्हणून मी वाट बघत होतो. तिनं आधी विचारलं, "तिनं एकबी खाल्ली न्हाई ना?"

"न्हाई."

मग म्हणाली, "रोग माझा हाय. देवानं दिला म्हनंन. पर हे पाप तू माझ्या हातनं करवत हुतास. तिचं लेकरू गेलं असतं, तर मी कुणाला तोंड दावलं असतं?"

आजवर मी एकच हिशेब करत होतो. खरं कळलं तर तिला किती दुःख होईल, एवढाच. माणसाला खरं हवं असतं ते नीट वागता यावं म्हणूनही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्या हातात काय आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याचं देणंही त्याचं राहत नाही. आईच्या हातात विष ठेवून मी त्याला ताकद म्हटलं, आणि तिच्या चांगुलपणानं ते शेजारच्या घरी नेलं. शिवाय मी जपत होतो ते कुणाचं भय? तिला रडताना बघायची हिंमत माझ्यात नव्हती, हे त्यातलं मोठं कारण.

तात्या अगदीच चुकले होते, असंही म्हणवत नाही. चार दिवस आई कुणाशी बोलली नाही. अर्धी भाकरी ताटात राहायची. रात्री उठून गोठ्यात गाईपाशी बसायची. खऱ्याची किंमत तिनं मोजली, मी नाही.

पाचव्या दिवशी म्हणाली, "म्हंजी तणनाशकच म्हण की हे. मापात न्हाई मारलं तर पीकबी जळतंय." तिनं भिंतीवरचं कालनिर्णय खाली घेतलं. वाचता येत नव्हतं, पण गोळ्यांच्या दिवसांवर काजळाचे ठिपके दिले, पुढचे सात कोरे ठेवले. गोळ्यांचा डबा फडताळात कुलपात गेला. पुढच्या फेऱ्यात जुलाब लागले, तर त्याच दिवशी तिनं सांगितलं. डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या आणि नंतर मात्रा कमी करून दिली. "आधीबी लागलं हुतं," आई म्हणाली, "पर ताकदीच्या गोळीनं जुलाब कसं हुतील, म्हणून बोलले न्हाई." हे ऐकून मला दुसऱ्यांदा घाम फुटला.

आठ फेरे पुरे झाले. शेजारच्या पोरीला मुलगी झाली. बारशाला आईनं सोललेल्या हातांनी शिवलेलं टोपडं नेलं.

आता गावातलं कुणी ना कुणी मला बाजूला घेऊन विचारतं, "गुरुजी, म्हाताऱ्याला सांगावं का?" सगळ्यांना लागू पडंल असं उत्तर माझ्याकडं नाही. काहींना खरंच ऐकायचं नसतं, पण तेही त्यांनीच ठरवायचं. किती सांगू, एवढं तरी त्यांना विचारावं लागतं. मी उलट एकच विचारतो, "गोळी कोण घेणार हाय?" आणि मग त्या पुडीतल्या चार गोळ्यांची गोष्ट सांगतो.