गळालेल्यांचा हिशेब

‘स्वतःला मदत करा’ हे धडधाकट माणसाला सांगितलं तर तो सल्ला होतो. ज्याला सकाळी उठून तोंड धुणंही डोंगराएवढं वाटतं, त्याला सांगितलं तर ते काय होतं? काही सुरू करण्याची, सुरू केलेलं नेटाने धरून ठेवण्याची, त्यातून बरं वाटेल अशी आशा बाळगण्याची शक्तीच नैराश्य हिरावून घेतं. इंटरनेटवरचे स्वयंसाहाय्य कार्यक्रम नेमकी हीच शक्ती भांडवल म्हणून मागतात. ते सौम्य आणि मध्यम नैराश्यासाठी असतात, तीव्र नैराश्यासाठी नव्हेत. तरी हा पेच सौम्य आजारातही सौम्य रूपात असतोच. या कार्यक्रमांनी गुण येतो का, हे वैद्यकाने ठरवायचं. त्यांची चाचणी कशी घ्यावी आणि तिच्या आधारावर लोकांना काय वचन द्यावं, हा मात्र नीतीचा प्रश्न आहे.

हे कार्यक्रम म्हणजे मुळात धडे असतात. दिवसभर काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं याची नोंद ठेवा. ‘माझ्याच्याने काही व्हायचं नाही’ असा विचार आला की तो लिहून काढा आणि त्याला पुरावा काय, ते तपासा. सोडून दिलेली एखादी लहानशी गोष्ट या आठवड्यात पुन्हा करून पाहा. यातलं बरंचसं बोधात्मक वर्तनोपचारातून आलेलं आहे. ऑस्ट्रेलियातला ‘मूडजिम’ हा यातला जुना आणि गाजलेला कार्यक्रम. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासकांनी ‘पुश-डी’ नावाचं ॲप तयार केलं आणि त्याच्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध केले. चाचणीत ७८ जण होते, बहुतेक शहरी तरुण. त्यांच्यातल्या जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी त्याआधी कधीही कोणा तज्ज्ञाची मदत घेतलेली नव्हती. ज्यांनी आवश्यक असे दहाही भाग पूर्ण केले त्यांचं नैराश्य लक्षणीय प्रमाणात कमी झालं, आणि पाच भागांपर्यंत पोचलेल्यांनाही साधारण तसाच फायदा झाला. अर्थात ही पहिली पायरी होती. तुलनेसाठी दुसरा गट तिच्यात नव्हता.

दुसरा गट लागतो, कारण नैराश्य चढतं-उतरतं. सौम्य असेल तर पुष्कळदा दिवस सरता सरता आपोआपही ओसरतं. म्हणून एका गटाला कार्यक्रम द्यायचा, दुसऱ्याला द्यायचा नाही, आणि दोघांची तुलना करायची. पण न देणं म्हणजे नेमकं काय करणं? सर्वांत सोपा मार्ग प्रतीक्षायादीचा. ‘तुमचा नंबर तीन महिन्यांनी लागेल’ असं सांगून माणसाला थांबवायचं. यात एक नैतिक अडचण उघड आहे. मदत मागायला आलेल्या माणसाला आपण आपल्या ज्ञानासाठी ताटकळत ठेवतो. दुसरी अडचण कमी दिसते. बऱ्याच चाचण्यांचे आकडे एकत्र करून २०१४ साली झालेल्या एका विश्लेषणाने असं सुचवलं की प्रतीक्षायादीवरच्या लोकांची स्थिती नुसतेच उपचाराविना राहिलेल्यांपेक्षाही वाईट राहते. कारण समजण्यासारखं आहे. आता आपली पाळी येणारच आहे, या भरवशावर माणूस एरवी स्वतःहून केलं असतं तेही करत नाही. ज्याला थांबवून ठेवलं त्याच्या थांबण्यामुळे कार्यक्रमाची उंची वाढलेली दिसते, आणि मग ती उंची कार्यक्रमाचीच म्हणून सांगितली जाते.

याहून बरं वागता येतं, याचं उदाहरण गोव्यात आहे. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एका उपचाराची चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. हा उपचार संगणकावरचा नव्हता आणि रुग्णही सौम्य नैराश्याचे नव्हते. पण चाचणीच्या नीतीपुरती ती इथे कामाची आहे. चाचणीत ४९५ जण होते. मानसोपचाराचं पूर्वीचं कोणतंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं होतं, आणि सहा ते आठ भेटींत ते रुग्णाला रोजच्या जगण्यातल्या कामांकडे पुन्हा वळवत. तुलनेच्या गटाला मात्र रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. त्यांच्या तपासणीचा निकाल केंद्रातल्या डॉक्टरांना कळवला होता, आणि उपचार कसा करावा याची मार्गदर्शक सूत्रंही दिली होती. एवढं करूनही समुपदेशन मिळालेल्यांची सुधारणा अधिक ठरली. म्हणून तो निष्कर्ष अधिक भरवशाचा वाटतो.

आता गळतीकडे येऊ. इंटरनेटवरच्या आरोग्य कार्यक्रमांतून लोक मोठ्या संख्येने मधूनच निघून जातात. हे इतकं नित्याचं आहे की गुंथर आयझेनबाख यांनी २००५ साली त्याला ‘गळतीचा नियम’ म्हटलं. मूडजिमच्या बाबतीत असं आढळलं की चाचणीत सहभागी झालेले लोक बरेच धडे पूर्ण करत. तोच कार्यक्रम आपणहून उघडणारे सर्वसामान्य लोक मात्र एक-दोन धड्यांतच निघून जात. कार्यक्रम एकच आणि धडेही तेच होते, मग फरक कशाचा? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मूडजिमच्या चाचणीत ५२५ जण होते, आणि त्यांना दर आठवड्याला कोणीतरी फोन करत असे. फोन करणारा तज्ज्ञ नव्हता. तो उपचारही करत नव्हता. या आठवड्यात काय करायचं एवढंच सांगे. पण आठवड्यातून एकदा आपली वाट पाहणारं कोणीतरी होतं.

फोन म्हणजे जादू, असं मला म्हणायचं नाही. इंग्लंडमध्ये ६९१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पाठपुराव्याचे फोन होते, तरी नेहमीच्या डॉक्टरी उपचाराला अशा कार्यक्रमाची जोड देऊन जास्तीचा फायदा दिसला नाही, आणि धडे पूर्ण करणारे तिथेही थोडेच निघाले. सर्व चाचण्या एकत्र पाहिल्या तर चित्र साधारण असं दिसतं: कोणाच्याही सोबतीशिवाय वापरलेल्या कार्यक्रमाचा फायदा होतो, पण तो लहान असतो, माणसाची सोबत असली की तो वाढतो, आणि नैराश्य अगदी सौम्य असेल तर सोबत असण्या-नसण्याने फारसा फरक पडत नाही.

यावरून मला जो मुद्दा मांडायचा आहे तो साधा आहे. ज्या गोष्टीची चाचणी झाली आणि जी गोष्ट लोकांच्या हाती दिली, ती एकच असली पाहिजे. चाचणी घेणारा माणूस चाचणीच्या बाहेर उभा असतो अशी आपली समजूत असते. पण तो प्रश्नावली पाठवतो, आठवण करतो, ‘कसं चाललंय?’ असं विचारतो. नकळत तोही औषधात मिसळलेला असतो. चाचणी संपते, तो निघून जातो आणि उरलेले धडे ‘सिद्ध झालेला उपचार’ म्हणून वाटले जातात. दुधात कालवून दिलेल्या चूर्णाने गुण आला, आणि मग दूध वगळून नुसतं चूर्ण त्याच नावाने विकलं, तर आपण त्याला लबाडी म्हणू. इथे कोणाच्या मनात लबाडी नसते. पण ज्याच्या हाती नुसतं चूर्ण पडतं, त्याच्या दृष्टीने परिणाम तोच.

शिवाय या औषधाचा एक दुष्परिणाम वेष्टनावर छापलेला नसतो. गोळीने गुण आला नाही तर आपण गोळीला नावं ठेवतो. स्वयंसाहाय्याने गुण आला नाही तर ‘स्व’ला. तिसऱ्या धड्यानंतर कार्यक्रम बंद करणारा माणूस ‘हा धडा माझ्या उपयोगाचा नाही’ असं क्वचितच म्हणतो. ‘मला एवढंही जमलं नाही’ असं म्हणतो. जो विचार तपासून पाहायला कार्यक्रम शिकवणार होता, त्याच विचाराला त्याने नवा पुरावा पुरवलेला असतो. म्हणून चाचणीतली गळती ही नुसती आकडेवारीतली त्रुटी मानता येत नाही. गळालेल्यांचं पुढे काय झालं हे शोधणं संशोधकाचं कर्तव्यच आहे, कारण इजा झाली असेल तर ती तिथेच सापडेल.

याला वजनदार उत्तर आहे. २०१५–१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्या देशात नैराश्य असलेल्या सुमारे ८५ टक्के लोकांना उपचार मिळतच नाहीत. माणसाची सोबत हवीच, असा हट्ट धरला तर यांच्या वाट्याला काय येणार? आणि माणूस नसणं हीच पुष्कळांना सोय वाटते. डॉक्टरच्या दारात कोणी ओळखीचं भेटेल ही भीती, घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न, आपली कहाणी दुसऱ्याच्या चेहऱ्यावर उमटताना पाहण्याची लाज. पुश-डी वापरणाऱ्या त्या दोनतृतीयांश लोकांना या ॲपने एक दार उघडून दिलं, हे नाकारणं अन्यायाचं होईल. आणि पाच धड्यांवर थांबलेल्यांनाही फायदा होत असेल, तर मधेच सोडणारा प्रत्येक जण हरला असं धरून चालणंही चूक. हे सगळं मी मान्य करते. पण उपाशी माणसाला अर्धी भाकरी देणं योग्य असलं, तरी ती अख्खी आहे असं सांगणं योग्य ठरत नाही. अर्धी म्हणून दिली, तर उरलेली अर्धी कोणी द्यायची हा प्रश्न निदान जिवंत राहतो. अख्खी म्हणून दिली की तो प्रश्नच मिटतो, आणि ज्यांनी माणसं नेमायला हवीत त्यांची जबाबदारीही त्याबरोबर मिटते.

चाचणी कुठे आणि कोणत्या भाषेत झाली, हाही या प्रामाणिकपणाचा भाग आहे. मी कोलकात्यात राहते आणि बंगालीतून अनुवाद करते, म्हणून हे मला रोज जाणवतं. या शहरात ‘मोन खाराप’ हा शब्द पावसाने बुडालेल्या सामन्यापासून घरातल्या मृत्यूपर्यंत सगळ्याला चालतो. नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची प्रसिद्ध प्रश्नावली, पीएचक्यू-९, पहिल्याच प्रश्नात विचारते की गोष्टींमधला रस किंवा आनंद कमी झाला आहे का. मराठी माणूस हे ‘कशात राम वाटत नाही’ असं सांगेल, आणि ते कोणत्याही पारिभाषिक शब्दापेक्षा नेमकं असेल. पण प्रश्नावलीत ते घातलं तर वसईच्या किंवा मडगावच्या ख्रिस्ती घरात ते तसंच वाचलं जाईल का? एका ठिकाणी सिद्ध झालेलं दुसरीकडे नेताना पुन्हा पडताळावं लागतं, ही जाणीव या शहराला जुनी आहे. १९२२ साली इथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे गिरींद्रशेखर बोस फ्रॉइडला मानत आणि त्याच्याशी पत्रव्यवहार करत. तरी आपल्या भारतीय रुग्णांमध्ये फ्रॉइडने सांगितलेली एक भीती युरोपीय रुग्णांइतकी ठळक दिसत नाही, हे त्यांनी त्यालाच लिहून कळवलं. आजचे कार्यक्रम फ्रॉइडचे नाहीत, पण ते पडताळण्याची गरज तीच आहे.

त्याच प्रश्नावलीचा नववा प्रश्न, आपण मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का, असा आहे. रात्री दोन वाजता कोणी त्यापुढे ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली, तर ती कोण वाचतं? चाचणीत बहुधा कोणीतरी वाचतं; तशी व्यवस्था दाखवल्याशिवाय नीतिसमितीची परवानगी मिळणं कठीण. चाचणीनंतर, धडे मोकळे वाटले गेल्यावर, कोण वाचतं? १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्या पडद्यावर आला तर निदान दुसऱ्या टोकाला माणूस असेल, आणि तो आपली भाषा बोलत असण्याची शक्यताही आहे. पण क्रमांक दाखवणं वेगळं आणि उत्तर वाचणं वेगळं. क्रमांक दाखवला की फोन करायची जबाबदारी पुन्हा त्या खूण करणाऱ्यावरच येते. म्हणून कार्यक्रम सिद्ध झाला आहे असं कोणी सांगितलं की सुधारणेच्या टक्केवारीआधी मी हे विचारेन: चाचणीत तो नववा प्रश्न कोण वाचत होतं, आणि आता कोण वाचतं?