तांबडे ऑइल आणि शब्दप्रमाण

१९७२ चा फोर्ड एफ-१०० पिकअप, त्याला सी-६ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. अशी गाडी आज अमेरिकेत ज्याच्या दारात उभी असेल त्याला आधी ठरवावे लागते की गिअरबॉक्समध्ये ऑइल कोणते घालायचे. प्रश्न गॅरेजातला दिसतो, पण भारतीय तर्कशास्त्रात शतकानुशतके गाजलेला एक वाद त्यात दडला आहे. जाणत्या माणसाचा शब्द हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे का? नैयायिक आहे म्हणतात. वैशेषिक आणि दिङ्नागाच्या परंपरेतले बौद्ध म्हणतात, तो अनुमानाचाच एक प्रकार. या गाडीपुरती तरी मला नैयायिकांची बाजू खरी वाटते, आणि त्या बाजूची मर्यादाही याच गाडीवरून दिसते.

या कामाची बहुतेक ऑइले तांबडी असतात. पण तो रंग वरून घातलेला असतो. इंजिन ऑइलपासून वेगळे ओळखता यावे आणि गळती कुठली ते कळावे, एवढाच त्याचा उपयोग. त्या काळच्या फोर्डला लागणारे टाइप एफ आणि जनरल मोटर्सचे डेक्सरॉन शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक सांगता येणार नाही. खरा फरक पडतो क्लच प्लेटांवर. डेक्सरॉनमध्ये घर्षण सौम्य करणारी द्रव्ये असतात, त्यामुळे प्लेटा किंचित घसरत अलगद जुळतात. टाइप एफमध्ये ती नसतात. प्लेटा एकमेकींना घट्ट धरतात. टाइप एफवर बेतलेल्या गिअरबॉक्सला डेक्सरॉन दिले तर प्लेटा जास्त वेळ घसरतात, तापतात, झिजतात. प्रत्यक्ष इथे गप्प आहे. अनुमानाला व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचे न चुकणारे साहचर्य, लागते आणि तांबड्या रंगाची घर्षणाशी व्याप्तीच नाही. घालून बघू म्हणावे, तर चुकीच्या ऑइलवरही गाडी बरेच दिवस चालते. ज्ञानानुसार केलेली कृती सफल झाली की ते ज्ञान खरे, ही नैयायिकांची स्वतःची कसोटी इथे फार उशिरा निकाल देते. उरतो तो गाडीच्या मॅन्युअलमधला शब्द.

वैशेषिक म्हणेल, हेही अनुमानच: कंपनी भरवशाची, म्हणून तिचे म्हणणे खरे. पण त्या अनुमानातून सांगणारा विश्वासू आहे एवढेच निघते. ‘या गिअरबॉक्सला टाइप एफ’ हा आशय वाक्य समजल्याशिवाय कुठल्याच हेतूतून हाती येत नाही. यापेक्षा जड आक्षेप वेगळा आहे. कंपनीला माल विकायचा असतो, मग ती आप्त, म्हणजे जिचा शब्द प्रमाण मानावा अशी, कशी? न्यायसूत्रांवरच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्त ठरवताना कुळ किंवा देश पाहिलेला नाही. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ तिघांनाही एकच लक्षण लावले आहे: वस्तू साक्षात जाणलेली असावी आणि जाणली तशी सांगण्याची इच्छा असावी. हे लक्षण माणसाला एकदाच लावून मोकळे होता येत नाही, वाक्यावाक्याला लावावे लागते. ऑइलचा प्रकार चुकीचा सांगितला तर वॉरंटीचा भुर्दंड कंपनीवरच पडतो, म्हणून ते वाक्य घ्यावे. पुढच्या काळात काही गाड्यांबाबत केलेला ‘हे ऑइल गाडीच्या आयुष्यभर पुरेल’ हा दावा मात्र देखभालीचा खर्च कमी दाखवून गाडी खपवायला सोयीचा आहे. तिथे सांगण्याच्या इच्छेबद्दलच शंका येते. आप्ताचा शब्द बदलतोही. सुरुवातीच्या ऑइलांत स्पर्म व्हेलचे तेल असे; १९७० च्या सुमारास अमेरिकेने या देवमाशाला संरक्षण दिल्यावर मिश्रण बदलावे लागले, नव्या मिश्रणाने कूलर गंजू लागले, तेव्हा तेही सुधारावे लागले. याने शब्दप्रमाण कोसळत नाही. अनुभवाने स्वतःला दुरुस्त करणारा शब्दच आप्ताचा, असे मी म्हणेन.

जुन्या गाड्यांच्या मालकांमध्ये आणखी एक शब्द फिरतो: फार दिवस न बदललेले ऑइल बदलू नका, गिअरबॉक्स जाईल. हा बहुतेक वेळा आप्तवचनाचा वेष घेतलेला काकतालीय न्याय असतो. अग्नीवरून धुराचे अनुमान करता येत नाही, कारण धुराला ओले इंधनही लागते. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. इथली उपाधी उघड आहे. वर्षानुवर्षे दुर्लक्ष करणारा माणूस ऑइल बदलायला निघतो तेच मुळी गिअर घसरू लागल्यावर, प्लेटा संपत आल्यावर. नव्या ऑइलने साठलेला गाळ सुटून आतले बारीक मार्ग तुंबतात, हे म्हणणे मात्र थेट झटकू नये. जोराने फ्लश करण्याऐवजी पॅन उतरवून, फिल्टर बदलून, निघेल तेवढेच ऑइल बदलणे शहाणपणाचे.

ऑइल कोणते, हे शब्द सांगतो. आत्ता आत काय चालले आहे, हे मॅन्युअलला माहीत असणे शक्य नाही. तिथे प्रत्यक्षाचाच अधिकार. डिपस्टिक पांढऱ्या फडक्यावर पुसावी. ऑइल तपकिरी आणि जळकट वासाचे निघाले तर प्लेटा भाजल्या आहेत. दुधाळ गुलाबी निघाले तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरले आहे. पातळी कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर फिरते भाग ऑइल घुसळून फेस करतात आणि दाब पडतो. पण हे प्रत्यक्षही अटींशिवाय मिळत नाही. गाडी सपाट जागी हवी, ऑइल गरम हवे, इंजिन चालू हवे, लिव्हर सगळ्या गिअरांतून एकदा फिरवलेला हवा. फोर्डमध्ये मग तो पार्कवर ठेवून मोजतात. त्याच काळच्या डॉज पिकअपच्या टॉर्कफ्लाइटला न्यूट्रलवर, नाहीतर पातळी चुकीची दिसते. कांडीवरच्या खुणेकडे कितीही वेळ पाहिले तरी हा भेद डोळ्यांना सापडत नाही. त्यासाठी पुन्हा मॅन्युअलच उघडावे लागते.